शिवणीतली माया

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे निफाड तालुक्यात पहाटे चारला पाऊस आला. तासभरच पडला. पण थॉमसन द्राक्षांच्या प्लॉटमध्ये साखर अठरा ब्रिक्सवर आलेली, तोडणी चार दिवसांवर, अशा वेळी तासभराचा पाऊसही पुष्कळ होतो. उजाडायच्या आत बाबा ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून बागेत शिरले होते, घडांत अडकलेलं पाणी उडवून लावायला. नऊच्या सुमाराला ते ओट्यावर येऊन बसले आणि हातातला घड त्यांनी परातीत ठेवला.

मी तो उचलून उन्हाकडे धरला. सात-आठ मण्यांना तडे गेले होते. बहुतेक तडे देठाच्या बाजूला, नखाने चंद्रकोर काढावी तसे. कडा बाहेर उलटल्या होत्या आणि मधून ओला गर चमकत होता. रस ओघळून खालच्या मण्यांवर आला होता. माझी बोटं चिकट झाली. आणि फुटक्या मण्याला अगदी खेटून असलेला मणी मात्र टणक, अखंड, अंगावरची पांढुरकी मेणाची पावडरसुद्धा जिथल्या तिथे.

"एकाच काडीवरचे आहेत," बाबा म्हणाले. "मूळ एक, पाणी एक, पाऊस एक. हा फुटला, तो नाही. का?"

घरात त्या दिवशी या प्रश्नावर बोलू शकतील अशी दोन माणसं होती. आत्याने नाशिकला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली आहेत. दादा पुण्यात जिवाणूंच्या पेशीपटलावर पीएचडी करतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि पेशीविषयी दोघांचं मुळीच पटत नाही. त्या सकाळी आणि पुढे जेवणानंतरही जे बोलणं झालं ते मी जमेल तितकं लिहून ठेवलं, कारण माझ्या वडिलांचं वर्षाचं उत्पन्न त्या परातीत होतं.

आत्याने सुरुवात केली. "यात गूढ काही नाही. आत साखरेचं पाणी, बाहेर पावसाचं पाणी, मधे कातडी. पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. परासरण म्हणतात त्याला. किती जोराने जातं, तेही काढता येतं. व्हान्ट हॉफने 1880 च्या दशकात सांगितलं, की विरघळलेल्या पदार्थाचं वजन बघू नका, कण मोजा. मीठ असो, साखर असो, जेवढे कण तेवढा दाब. 1901 साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं." तिने औषधाच्या दुकानाच्या बिलामागे आकडेमोड केली. "अठरा ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात अठरा ग्रॅम साखर. द्राक्षात ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, जवळपास निम्मी निम्मी. म्हणजे मण्यातला रस शुद्ध पाण्यासमोर ठेवला, तर वातावरणाच्या तीसपट दाब."

"तीसपट?" बाबा उठून बसले. "ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात एक-दीडपट भरतो आपण. तीसपट असता तर मणी राहिलाच नसता इतके दिवस."

इथे दादाने संधी साधली. "बरोबर बोललात बाबा. आत्याचा हिशेब चुकलेला नाही, पण तो मण्याचा नाही, रसाचा आहे. मण्यातल्या पेशीत खरोखर किती दाब असतो, ते कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात मोजलंय. केसाहून बारीक काचेची नळी पेशीत खुपसून. हिरव्या टणक मण्यात वातावरणाच्या दोन-तीनपट निघाला. आणि मणी मऊ पडायला लागतो, तेव्हा तो एकपटीच्याही खाली येतो."

"पाणी उतरतं तेव्हा," बाबा म्हणाले.

द्राक्षवाले या अवस्थेला 'मण्यात पाणी उतरलं' असं म्हणतात. हाताला टणक लागणारा मणी एका आठवड्यात लवचीक होतो, साखर भरायला लागते. मला हा शब्द लहानपणापासून माहीत होता. पण त्याच वेळी पेशीतला दाबही उतरतो, हे दादाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"साखर वाढतेय आणि दाब कमी होतोय, हे कसं?" आत्याने विचारलं. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

"कारण साखर पेशीच्या आतच राहत नाही. दोन पेशींच्या मधल्या भिंतींतही, त्या ओल्या जागेतही ती येते. आत दाट, बाहेरही दाट, मग ओढाताण कशाची? वेलीनेच हा तोल साधलेला असतो. म्हणून म्हणतो आत्या, पेशी म्हणजे पाणी भरलेली पिशवी नव्हे. तुझं मीठ-साखरेचं गणित बाहेरून होतं, पण आतलं आणि बाहेरचं दोन्ही पेशी ठरवत असते."

आत्याने हे ऐकून घेतलं आणि मग तिच्या आवडत्या गोष्टीकडे वळली. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं बोलणं तेच होतं.

"थॅलसेमियाची पहिली चाळणी आम्ही कशी करायचो, सांगते. एक परीक्षानळी, तिच्यात दोन मिलिलिटर मिठाचं पाणी. सलाइन असतं 0.9 टक्क्याचं, रक्ताच्या बरोबरीचं. हे 0.36 टक्क्याचं, म्हणजे फारच पातळ. त्यात रक्ताचा एक बारीक थेंब, वीस मायक्रोलिटर. अर्धा तास थांबायचं. मग पांढऱ्या कागदावर काळी रेघ ओढायची आणि नळी त्या रेघेपुढे धरायची. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी इतक्या पातळ पाण्यात फुगून फुटतात, पाणी लालसर पण स्वच्छ होतं, रेघ लख्ख दिसते. थॅलसेमियाचा वाहक असेल तर पुष्कळ पेशी फुटतच नाहीत. पाणी गढूळ राहतं, रेघ दिसत नाही. यंत्र नाही, वीज नाही. हजारो नळ्या मी अशा खिडकीच्या उजेडात धरल्यात."

"म्हणजे आजारी पेशी जास्त बळकट?" मी विचारलं.

"बळकट नाही गं. तिच्यात माया जास्त." आणि तिने माझ्या ब्लाउजच्या बगलेतली शिवण उलटून दाखवली. शिंपी आत बोटभर कापड दुमडून सोडतो, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून; त्या कापडाला माया म्हणतात. "तांबडी पेशी चकतीसारखी, मधे खोलगट. तिचं आकारमान 90 घन मायक्रोमीटर धर. तेवढाच गोळा केला असता, तर त्याला 97 चौरस मायक्रोमीटर कातडी पुरली असती. पण पेशीजवळ असते जवळजवळ 135. चाळीस टक्के कापड जास्तीचं! पाणी शिरलं की आधी खोलगटपणा भरून निघतो, चकतीची वाटी, वाटीचा चेंडू होतो. तोवर कातडी ताणलेलीच नसते, नुसती उलगडत असते. चेंडू झाला की माया संपली. त्यापुढे ते पटल तीन-चार टक्केच ताणतं आणि फाटतं. थॅलसेमियात पेशीत हिमोग्लोबिन कमी, ती पातळ, चपटी. कातडी त्या मानाने भरपूर. म्हणून ती तगते. उलट काही घराण्यांत पेशी जन्मतः गोल असतात, पटलाचे तुकडे गळून गेलेले. त्या 0.5 टक्क्यालाच फुटू लागतात. पाणी तेच, मीठ तेच. कोण कधी फुटणार, ते शिवणीत माया किती यावर. पेशी स्वतः काही करत नाही. तिच्यावर होतं."

बाबा मणी बोटांत फिरवत होते. "आणि माया संपल्यावर फाडायला जोर किती लागतो?"

याचं उत्तर दादाने दिलं. "अगदी किरकोळ. पटल पाच नॅनोमीटर जाडीचं. गोल झालेली तांबडी पेशी फोडायला वातावरणाच्या दाबाचा दहावा भागसुद्धा पुष्कळ होतो. आणि रक्ताचा शुद्ध पाण्यासमोरचा दाब निघतो साडेसातपट, म्हणजे पंचाहत्तर मीटर उंच पाण्याचा. पंचवीस मजली इमारतीच्या टाकीखाली साबणाचा फुगा धरण्यासारखं आहे हे. म्हणून तर मला आत्याचं 'पेशी काही करत नाही' पटत नाही. काही करत नसती, तर आपल्या शरीरातली एकही पेशी संध्याकाळपर्यंत टिकली नसती."

त्याचा मुद्दा असा: प्राण्याच्या पेशीत प्रथिनं आणि इतर मोठे रेणू अडकून पडलेले असतात, ते बाहेर जाऊ शकत नाहीत. नुसत्या त्यांच्यामुळे पाणी सतत आत येत राहायला हवं. भिंत तर नाही. मग पेशी वाचते कशी? ती सोडियम बाहेर फेकत राहते, रात्रंदिवस. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्काउ यांनी 1957 साली खेकड्याच्या मज्जातंतूंत शोधला. 1997 साली त्यांना नोबेल मिळालं. "मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पंपाला ऊर्जा मिळत नाही आणि पेशी फुगतात. बाहेरचं पाणी पातळ झालेलं नसतं, मीठ बदललेलं नसतं. पेशीने काम थांबवलेलं असतं, एवढंच. आत्या, तू ज्याला पिशवी म्हणतेस ती गळकी होडी आहे, आणि आत कोणीतरी अखंड पाणी उपसतंय."

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "उपसणारा असतो हे मान्य. पण माझ्या नळीत तो काही करू शकला नाही. एकदम एवढं पाणी आल्यावर पंप काय पुरणार?"

"पंप नाही पुरत. झडप पुरते." दादाचे डोळे इथे चमकले, हे त्याचं रोजचं काम. "आपल्या आतड्यातला ई. कोलाय घे. कधी खारट रसात, तर कधी बाहेर पडून थेट पावसाच्या पाण्यात. त्याला बाहेरून जाळीदार भिंत आहे, पण अचानक पाण्यात पडला तर भिंतही अपुरी. त्याच्या पटलात प्रथिनांच्या झडपा असतात. पटल ताणलं गेलं, की तो ताणच झडप उघडतो. कोणी हुकूम द्यायला नको, निरोप जायला नको. सगळ्यात मोठी झडप, एमएससीएल, 1994 साली विस्कॉन्सिनात चिंग कुंग यांच्या प्रयोगशाळेत हाती आली. ती उघडली की तीन नॅनोमीटरचं भोक पडतं आणि आतलं पोटॅशियम, अमिनो आम्लं, जे असेल ते भसाभस बाहेर. आणि ती उघडते कधी? पटल फाटण्याच्या अगदी थोडं आधी. 1999 साली स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमध्ये इयन बूथ यांच्या गटाने ही झडप आणि तिची धाकटी बहीण, दोन्ही काढलेले जिवाणू बनवले. खारट पाण्यातून पातळ पाण्यात टाकले तर बहुतेक मेले. दोन्हींपैकी एक ठेवली तरी जगले."

"कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह," आत्या म्हणाली.

"तशीच. आणि आपल्या पेशींनाही ते येतं, पण सावकाश. फुगल्यावर काही मिनिटांत त्या पोटॅशियम आणि क्लोराइड सोडून देतात, मागोमाग पाणी जातं, पेशी पुन्हा मूळ मापावर येते. यातली क्लोराइडची वाट कोणत्या प्रथिनाची, ते 2014 साली दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं. त्यांतला एक आर्डेम पाटापुटियन यांचा. स्पर्श आणि ताण ओळखणाऱ्या पिएझो प्रथिनांसाठी 2021 चं नोबेल मिळालं, तेच." मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "पण एक तुझ्या बाजूचंही सांगतो. पॅरिसच्या क्युरी संस्थेत 2011 साली दिसलं, की स्नायू आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या पटलात बारीक बारीक खळगे असतात, कपड्याच्या चुण्यांसारखे. पेशी फुगली की त्या चुण्या काही क्षणांत सपाट होतात. आधी कापड सुटतं, मग बाकीची यंत्रणा कामाला लागते. तुझी माया म्हणतेस ना, ती हीच."

आत्या यावर समाधानाने हसली. पण बाबांचं अजून समाधान झालेलं नव्हतं. "तुमच्या जिवाणूला झडप आहे, रक्ताला माया आहे. माझ्या मण्याला काय आहे?"

"भिंत," दोघंही एकदम म्हणाले. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

पण भिंतीचा अर्थ दोघांनी वेगळा सांगितला. आत्याच्या मते भिंत म्हणजे बंदोबस्त: सेल्युलोजचे धागे, गोणपाट विणावं तसे, आतल्या दाबाला आवरून धरणारे. दादा म्हणाला, की बंदोबस्त हे अर्धंच झालं. "बाबा, तुम्ही फुगवण म्हणता ना, ती या दाबानेच होते. फुलोऱ्यानंतर थोडेच आठवडे मण्यातल्या पेशी विभागून वाढतात. पुढे संख्या वाढत नाही, त्याच पेशी मोठ्या होतात. पेशी भिंतीचे धागे जरासे सैल करते, आतलं पाणी तिला ढकलतं, भिंत पसरते, पेशी नवीन सामान आणून पुन्हा विणते. 1965 साली लॉकहार्टने हे समीकरणात मांडलं: दाब एका ठरावीक पातळीच्या वर गेला, तरच भिंत पसरते, आणि जितका वर तितकी वेगाने. दाब नसता तर मणी ज्वारीच्या दाण्याएवढाच राहिला असता. ज्याने फुटला, त्यानेच वाढला."

माझं मत विचाराल, तर मला इथे दादाचं म्हणणं अधिक खोल वाटलं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून चार महिने बाबांनी त्या दाबाचीच तर मशागत केली होती. पाणी, खत, विरळणी, सगळं मणी फुगावा म्हणून. पण पहाटे चार ते पाच या तासाबद्दल मला आत्याचं पटतं. त्या तासात मण्याच्या सालीला विणायला सवड नव्हती. तोडणीला आलेल्या मण्याची साल म्हणजे ताणून ताणून शेवटच्या टाक्यापर्यंत आलेलं कापड. माया कधीच वापरून झालेली.

दादाने मग चेरीची गोष्ट सांगितली, ती बाबांनी फार लक्ष देऊन ऐकली. जर्मनीत हॅनोव्हरला मोरित्झ क्नोखे यांनी पावसात फुटणाऱ्या चेरीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. पूर्वी समजूत अशी होती, की सबंध फळ फुग्यासारखं भरतं आणि फुटतं. त्यांना दिसलं ते निराळं. सालीवरच्या मेणाच्या थराला आधीच सूक्ष्म तडे असतात. तिथून पावसाचं पाणी शिरतं आणि सालीखालच्या थोड्याच पेशी फुटतात. त्यांच्यातलं आम्ल शेजारच्या भिंतींवर सांडतं. भिंतींना बांधून ठेवणारं कॅल्शियम ते आम्ल ओढून घेतं, भिंती सुजतात, पेशी एकमेकींपासून सुटतात. आणि मग साल चेन उघडावी तशी एका टोकापासून उसवत जाते.

"म्हणून कॅल्शियम मारतात," बाबा हळूच म्हणाले. दर हंगामाला ते फवारतात, सगळेच फवारतात.

दुपारी आत्याने दोन भांडी मागितली. एकात साधं पाणी, दुसऱ्यात साखरेचं. साखर तिने स्वतः तोलली: अर्ध्या लिटरला दोनशे ग्रॅमच्या जरा वर. मी म्हटलं, अठरा टक्क्याला एवढी कशी? "घरातल्या साखरेचा एक कण म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हातात हात घालून उभे," ती म्हणाली. "तेवढीच डोकी भरायची तर वजन जवळजवळ दुप्पट घ्यावं लागतं." बाबांनी वेगवेगळ्या ओळींतून अखंड मणी देठासकट कातरून आणले, प्रत्येक भांड्यात पंचवीस सोडले. रात्री भांडी फडताळात ठेवली.

सकाळी साखरेच्या पाण्यातला एकही मणी तडकला नव्हता. साध्या पाण्यातले अकरा तडकले होते.

दादा म्हणाला, "बघ, पाऊस नाही, फक्त आतबाहेरचा फरक." पण आत्या त्याचं ऐकत नव्हती. तिने चष्म्यावर भिंग धरलं होतं आणि एकेक फुटका मणी ती कागदावर मांडत होती. अकरापैकी आठांच्या सालीवर तपकिरी, जाळीदार, खरखरीत डाग होता, तांदळाच्या कणीएवढा. तडा दर वेळी त्या डागातूनच गेला होता.

बाबांनी एक मणी नुसता पाहिला आणि ओळखला. "भुरी," ते म्हणाले. डिसेंबरात आभाळ आलं होतं तेव्हा आमचा फवारणीचा पंप बिघडला होता, आणि पश्चिमेच्या चार ओळींवर औषध दोन दिवस उशिरा पडलं होतं. ती बुरशी आटोक्यात आली, मणी वाढला, आम्ही ते विसरलोही. पण डागाखालची साल तेव्हाच वाढायची थांबली होती. भोवतालचं कापड पसरत गेलं, ठिगळ तेवढंच राहिलं.

बाबांनी आत्याच्या हातातलं भिंग घेतलं, चपला सरकवल्या आणि पश्चिमेच्या ओळींकडे निघाले.

"उरलेले तीन?" दादाने विचारलं.

आत्याने त्यांतला एक उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरला होता, नळी धरायची तसाच. त्याच्या सालीवर डाग नव्हता.